बलराम हलवाईचे काय करायचे?

अरविंद अडिगांच्या ‘द व्हाइट टायगर’ला २००८ साली बुकर मिळाले आणि वाचकांत दोन तट पडले. काही म्हणतात, आपले दारिद्र्य परदेशात विकले. काही म्हणतात, रिक्षा ओढणाऱ्याचा मुलगा असे बोलेलच कसा?

दुसरा आक्षेप मला थोडा पटतो. बलराम सात रात्री चिनी पंतप्रधानांना पत्रे लिहितो, तेव्हा मधूनच लेखक डोकावतो. पण पहिला? फुटक्या बाटलीने मालकाचा खून करणारा हा ड्रायव्हर आपल्याला खदखदून हसवतो. गावाकडे आपल्या माणसांवर काय ओढवेल हेही त्याला ठाऊक असते. त्या हसण्याचीच आपल्याला लाज वाटते आणि बोट मात्र परदेशी वाचकाकडे जाते. (आक्षेपक बहुधा मोटारीत मागे बसणारे!)

आमच्या एका सरांनी पुस्तक अर्ध्यावरच मिटले. त्यांनी निदान खुनापर्यंत यावे, एवढीच नम्र विनंती.