तत्सम शब्दांचे लेखन आणि माध्यमिक शाळा

माध्यमिक शाळेत शुद्धलेखन हा गुण कापण्याचा विषय मानला जातो. वस्तुतः तो शब्दज्ञानाचा विषय आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘गुरु’ यांसारखे ह्रस्वान्त तत्सम शब्द मराठीत दीर्घान्त लिहावयाचे. समासात ते पूर्वपदी आले, तर मात्र त्यांचे मूळ ह्रस्व रूप कायम राहते. म्हणून ‘बुद्धी’, परंतु ‘बुद्धिवाद’. ‘गुरू’, परंतु ‘गुरुदक्षिणा’. ‘नदी’ हा शब्द मुळातच दीर्घान्त, म्हणून ‘नदीतीर’. नियम सुसंगत आहे. पण तो पाळावयाचा तर शब्दाचे मूळ रूप ठाऊक हवे, आणि ज्या मुलाने संस्कृत घेतलेले नाही, त्याला ते कोणी सांगावे?

महाराष्ट्राबाहेरील मराठी मुलापुढे हा पेच अधिकच तीव्र होतो. इंदूरचा विद्यार्थी हिंदीत ‘बुद्धि’ लिहितो, मराठीत ‘बुद्धी’. बडोद्याच्या विद्यार्थ्याला गुजरातीत ‘कवि’ आणि मराठीत ‘कवी’ लिहावे लागते. दोन्हीकडे रूप बरोबर असते; परंतु भेदाचे कारण त्याला कोणी सांगत नाही. मग तो ह्रस्व-दीर्घाला भिऊ लागतो, आणि ‘प्रतिकूल परिस्थिती’ लिहिण्याऐवजी ‘वाईट दिवस’ लिहून सुटका करून घेतो. चूक टळते, पण शब्द गमावला जातो.

तत्सम शब्द सर्वत्र मूळ रूपातच लिहावेत, असा एक पक्ष आहे. त्याने हिंदी-गुजरातीशी मेळ बसेल, हे खरे. तथापि ‘गुरु’ ह्रस्व आणि ‘लाडू’ दीर्घ असे झाले, तरी तत्सम कोणता व मराठी कोणता, हे विद्यार्थ्याला ओळखावेच लागेल. अडचण नाहीशी होणार नाही. ती केवळ जागा बदलेल.

प्रस्तुत लेखकाच्या मते उपाय अध्यापनात आहे. कठीण शब्दांच्या सुट्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी शब्दांची कुळे शिकवावीत. ‘विद्यार्थी’, ‘विद्यार्थिनी’, ‘विद्यार्थिवर्ग’ ही रूपे एकत्र मांडावीत. शेजारच्या भाषेतील रूपही फळ्यावर लिहावे आणि भेदाचे कारण सांगावे. तौलनिक अभ्यासाची सुरुवात विद्यापीठातच व्हावी, असे थोडेच आहे? दोन वह्यांतील एका वेलांटीचा फरक समजून घेणाऱ्या मुलाने ती केव्हाच केलेली असते.