बंगळुरूच्या वर्गांतील वाचन : अक्षरओळखीपुढचा प्रश्न

बंगळुरूतील माध्यमिक शाळेच्या वर्गात कन्नड, तमीळ, तेलुगू, उर्दू आणि हिंदी बोलणारी मुले एकत्र बसतात. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. घरची भाषा, परिसराची भाषा आणि पाठ्यपुस्तकाची भाषा वेगवेगळी असल्याने अनेक मुले धडा खणखणीत वाचतात. अर्थ विचारला की मात्र गप्प होतात.

प्रश्न केवळ बहुभाषिक महानगरांचा नाही. ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी करणाऱ्या 'असर २०२३' अहवालानुसार, सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही सहज वाचता आला नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट तिसरीपर्यंतच्या मुलांपुरते आहे. त्यापुढे गेलेल्या विद्यार्थ्यांचा भार शिक्षकांवरच पडतो.

आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय, असे गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडले. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर उत्तरही शून्यच. म्हणून अक्षरांशी अडखळणारा आणि शब्दार्थाशी अडखळणारा, अशा दोन विद्यार्थ्यांना एकच उपाय लागू पडत नाही. अडचण नेमकी कुठे आहे, हे ओळखणे ही शिक्षकाची पहिली पायरी ठरते.

पॅलिंक्सर आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये सातवीच्या विद्यार्थ्यांसह अजमावलेल्या पद्धतीत मुले गटाने उतारा वाचतात, पुढचा अंदाज बांधतात, प्रश्न विचारतात, शंका सोडवतात आणि सारांश सांगतात. बंगळुरूसारख्या वर्गात ही चर्चा घरच्या भाषेत होऊ दिल्यास समज आधी येते, पाठ्यपुस्तकाचे शब्द त्यामागून येतात. विज्ञान आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांनाही हे जमायला हवे; कारण त्या विषयांची परीक्षासुद्धा वाचनातूनच होते.

साहित्याची उणीव काही अंशी भरून निघाली आहे. बंगळुरूच्या 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर अनेक भारतीय भाषांतील कथा विनामूल्य मिळतात. मात्र त्या प्रामुख्याने लहान मुलांच्या आहेत. किशोरांच्या वयाला साजेसा आणि तरीही सोप्या भाषेतील मजकूर अद्याप अपुरा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. त्यातील काही तास आकलनासाठी राखून ठेवण्यास नवा कायदा लागत नाही. तेवढे न झाल्यास पुस्तक हाती असूनही शिक्षणाबाहेर राहणारी मुले दहावीच्या उंबरठ्यावर थांबतील.