वाट अडली की धंदा अडतो

जुलै 2016 मध्ये मुंबईतल्या इंटरनेट पुरवठादारांवर बनावट विनंत्यांचा लोंढा सोडण्यात आला. मारा सेकंदाला 200 गिगाबिटपर्यंत गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला.

गोरेगावच्या सोनावाला रोडवरचा एखादा गाळा घ्या. माल भरलेला टेम्पो दारात उभा, पण अशा माऱ्यात इंटरनेटची लाइन तुंबल्यामुळे ई-वे बिल निघत नाही. मालकाने स्वतःच्या राउटरवर कितीही बंदोबस्त केला तरी फायदा नाही, कारण गर्दी गाळ्यापर्यंत येणाऱ्या वाटेवरच साचलेली असते. ती गाळायची ती वरच्या टप्प्यावर, पुरवठादाराकडे. म्हणून ही जबाबदारी करारातच लिहून घ्यायला हवी. नुसत्या वेगाच्या जाहिरातीवर भुलून लाइन घेणं आता परवडणारं नाही.

मालकांनाही हात झटकता येणार नाहीत. ऑक्टोबर 2016 मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘डाइन’ कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. त्यासाठी वापरले गेले कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर. तसे कॅमेरे आपल्या गाळ्यांतही आहेत. ते पासवर्ड आजच बदलावेत.

2022 च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावं लागतं. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी हे प्रत्येक सभासदापर्यंत पोहोचवावं.