सरडा पाळावा का?

विद्यार्थी मित्रांनो, घरी एखादा प्राणी पाळावा असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. ही इच्छा चांगली आहे. पण हल्ली मोबाइलवर काचेच्या पेटीतला हिरवागार सरडा पाहून 'आपणही असाच सरडा पाळू' असे म्हणणारी मुले वर्गात भेटतात. माझे मत विचाराल तर मी स्पष्ट सांगेन : सरडा पाळू नका.

आधी नावाचा घोळ मिटवू. उर्दूत आपण ज्याला गिरगिट म्हणतो, त्याला मराठीत सरडा म्हणतात. पण दोन्ही भाषांत हे एकच नाव दोन वेगळ्या प्राण्यांना दिले आहे. कुंपणावर बसून मान वरखाली करतो तो बागेतला साधा सरडा. विणीच्या काळात नराचे डोके व गळा लाल होतो. मग 'तो लांबूनच रक्त पितो' असे सांगून मुले त्याला दगड मारतात. बिचारा किडे खातो, रक्त पीत नाही. दुसरा आहे घोयरा सरडा. मोबाइलवर दिसतात ते याचेच परदेशी भाऊबंद, कोणी येमेनचे तर कोणी मादागास्करचे. आपला घोयरा भारतात, श्रीलंकेत आणि पाकिस्तानच्या काही भागांत राहतो.

हा प्राणी फार विलक्षण आहे. त्याचे दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना पाहू शकतात. त्याच्या पायांची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत जुळलेली असतात आणि शेपटी फांदीला वेढा घालते. जीभ तर त्याच्या शरीराएवढी लांब जाते. चालताना तो वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखा पुढेमागे झुलतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही मराठी म्हण तुम्ही शिकला आहात. याच अर्थाच्या उर्दू म्हणीत मुल्लाजींची दौड मशिदीपर्यंत जाते! ते असो.

तो रंग कशासाठी बदलतो? लपण्यासाठी, असे आपण समजतो. पण राग, भीती, ऊन, थंडी यांमुळेच त्याचा रंग जास्त बदलतो. त्याच्या कातडीत अतिशय बारीक स्फटिक असतात. त्यांच्यातील अंतर कमीजास्त झाले की रंग बदलतो, असे 2015 साली जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या सरड्यावर दाखवून दिले. म्हणून पेटीतला सरडा काळपट झाला तर टाळ्या वाजवू नका. बहुधा तो घाबरलेला असतो, नाहीतर त्याला थंडी वाजत असते.

आता त्याला सांभाळायचे कसे ते पाहा. तो वाटीतले पाणी पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. म्हणजे रोज पाने ओली करायला हवीत. तो मेलेले किडे सहसा खात नाही. त्याला जिवंत नाकतोडे, रातकिडे लागतात. त्या किड्यांनाही आधी चांगले खाऊ घालावे लागते आणि वर कॅल्शियमची भुकटी लावावी लागते. एवढे करूनही ऊन मिळाले नाही तर त्याची हाडे मऊ होऊन वाकतात. परदेशात लोक त्यासाठी अतिनील किरणांचा खास दिवा रोज दहा-बारा तास लावतात. काही महिन्यांनी त्या दिव्यातील किरण संपतात, उजेड मात्र तसाच पडत राहतो. पाळणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे. आपल्याकडे तर वीजच केव्हा जाईल याचा नेम नसतो! शिवाय तो एकटा राहणारा प्राणी आहे. दुसरा सरडा शेजारी ठेवला किंवा आपण सारखे हातात घेतले तरी तो खचतो, खाणे सोडतो. ज्याला हात लावायचा नाही, त्याला घरी आणून काय करणार?

कोणी म्हणेल, 'आम्ही नीट काळजी घेऊ.' पण घोयरा सरडा पकडणे, विकणे किंवा घरात बाळगणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपला हिरवा पोपट व चांदणी कासव यांनाही हाच कायदा लागू आहे. कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाल्यापासून अनेक परदेशी प्राण्यांची नोंदही सरकारकडे करावी लागते. बाजारात कोणी पिशवीतून सरडा विकत असेल, तर 'स्वस्त आहे' म्हणून भुलू नका. वडीलधाऱ्यांना सांगून वनविभागाला कळवा.

एका बाईने मांजर बांधून ठेवले. तिने त्याला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही. ते मांजर मेले आणि ती बाई शिक्षेस पात्र ठरली. ही हदीस तुम्ही ऐकली असेल. सरडा पेटीत ठेवण्याचा विचार करताना मला तीच आठवते. किडे खाणारा जीव आपण बंद करतो, आणि त्याला रोज पुरेसे किडे काही आणून देऊ शकत नाही.

मग काय पाळावे? घरात जे शिजते त्यातले चार घास खाऊन जगेल, तुमच्या हाकेला येईल आणि आजारी पडला तर गावातला गुरांचा डॉक्टर ज्याला तपासू शकेल, असा प्राणी पाळावा. कोंबडी पाळा, मांजर पाळा. जागा असेल तर शेळी पाळा. बकरी ईदच्या आधी घरी आलेल्या बोकडाला पाला घालणारी, पाणी पाजणारी आणि त्याच्याजवळून न हलणारी मुले मी दरवर्षी पाहतो. सांभाळणे त्यांना चांगले जमते. अम्मीची परवानगी तेवढी आधी घ्या, कारण शेवटी लेंड्या झाडायचे काम बहुधा तिच्याच वाट्याला येते.

आणि सरडा पाहायचाच असेल तर झाडावर पाहा. घोयऱ्याची मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते व माती उकरून खड्डा करते. अशा वेळी ती रस्ता ओलांडताना दिसली, तर एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या, वाहने थांबू द्या आणि एक काठी तिच्यापुढे आडवी धरा. ती आपणहून काठी पकडेल. मग ती ज्या दिशेने चालली होती, त्याच बाजूच्या झुडपाजवळ तिला अलगद सोडा.