बेस व्हिलेज म्हणे!

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ट्रेक ग्रुपवर मेसेज येऊन पडला. 'शनिवारी शिवनेरी, रविवारी नाणेघाट. बेस व्हिलेज: जुन्नर.' वाचून डोकंच सटकलं. बेस व्हिलेज? जुन्नर?? अरे, राजधानी होती ती! आपण तिची गाडी लावून मिसळ खायची जागा करून टाकली.

"तू कोण मोठा इतिहासकार?" असं कोणी विचारायच्या आत कबूल करतो, मी कोणी नाही. कोड पाडून पोट भरतो. पण माझं आजोळ आळ्याचं. आळेफाट्यावर कल्याणच्या आणि नगरच्या एसट्या मोजत अख्ख्या उन्हाळी सुट्ट्या घालवल्या, आणि तिशी येईपर्यंत ही वाट इथूनच का जाते, असा साधा प्रश्न मला पडला नाही. कोकणातल्या बंदरांवरून नाणेघाट चढायचा, जुन्नर गाठायचं, पुढे पैठण. सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी मार्ग. आळ्यात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. भावंडं पैठणहून परतताना रेड्याने इथे देह ठेवला, असं परंपरा सांगते. कथा मानायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पैठणहून आळंदीला निघालेली माणसं आळ्यात का पोचतात, ते जरा नकाशा उघडून बघा.

नाणेघाटात आपण जातो ते उलटा धबधबा बघायला. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब आहे, आकडे कोरलेले आहेत. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्याचा पत्ता नाही. आपल्यासारख्या आकड्यांवर जगणाऱ्या जमातीने तिथे निदान पाच मिनिटं थांबावं की नाही? बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. त्यात चिप्सची पाकिटं. असो.

मुद्दा असा, की जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी ही चार वेगवेगळी 'डेस्टिनेशन्स' नाहीत. ते पहारेकरी आहेत. पहारा कशावर? त्या वाटेवर आणि ती वाट जिथे जाते त्या शहरावर. आपण पहारेकऱ्यांसोबत सेल्फी काढतो आणि वाड्यात न जाताच परततो.

हे शहर नुसतं जुनं नाही, पुन्हा पुन्हा राजधानी झालेलं आहे. नहपान क्षत्रपाची राजधानी इथेच होती असं काही अभ्यासक मानतात. त्यावर वाद आहेत, पण त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा दानलेख मानमोडीच्या लेण्यांत आहे, त्याबद्दल वाद नाही. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती जुन्नरला. अहमदनगर वसवलं नंतर. पुढे मलिक अंबरनेही काही काळ निजामशाहीची गादी इथेच आणली.

आणि १६५७! शिवनेरीवर पाळण्याला हात जोडून येणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? त्या साली शिवाजी महाराजांनी मोगलांचं जुन्नर लुटलं. रात्री दोराच्या शिड्या लावून तट चढून. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले, असं इतिहासकार लिहितात. म्हणजे गावाला तट होता, आत एवढा पैसा होता. आणि वर दिसणारा त्यांचा जन्माचा गड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. जुन्नरच्या गल्लीत उभं राहून शिवनेरीकडे बघा, मग ही गोष्ट कळेल. वरून नाही कळायची.

"पण गावात बघण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न येणारच. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत, हे उत्तर. आपण लेण्याद्रीला गणपती करतो आणि उतरतो. ती लेणी म्हणजे या शहराची वर्गणीची वही आहे हो! धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांकडे, कासारांकडे पैसे गुंतवले गेले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. दोन हजार वर्षांपूर्वी इथे बाहेरदेशीची माणसं स्थायिक होऊन वर्गणी देत होती, आणि आपण हिंजवडीला 'कॉस्मोपॉलिटन' म्हणतो :)

जुलै २०२५मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आम्हीही स्टेटस टाकले. पण यादीत नाव गडाचं. खालच्या शहराचं काय? डेक्कन कॉलेजने जुन्नरला उत्खनन केलं, सातवाहन काळाचे थर मिळाले. ते थर आजच्या घरांच्या, शेतांच्या पोटात आहेत. तिथे जेसीबी पाया खणतो तेव्हा कुठला थर वर आला, ते कोण बघतं? ज्याला घर बांधायचंय त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण शिकलेले लोकच ज्या गावाला 'बेस व्हिलेज' म्हणतो, त्याच्या मातीत काही असेल असं त्याने का समजावं?

आणि कृपा करून "मग हंपीसारखं करा" म्हणू नका. हंपीच्या बाजारातली राहती घरं २०११ साली पाडली. वारसा जपायला माणसं हाकलायची, हे मला मान्य नाही. जुन्नर ओसाड नाही, हीच तर त्याची ऐट. माझी मागणी किरकोळ आहे: जुन्या वस्तीत पाया खणताना परवानगीच्या कागदांसोबत पुरातत्त्वाचं एक जाणकार माणूस खड्ड्यात डोकावून जावं. एक दिवस. खर्च सरकारने करावा, घरमालकाने नाही.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. उत्तर आलं: "भाई, टीएल;डीआर." मग मीच वेगळा बेत टाकला. शनिवारी सकाळी सहा, नाशिक फाटा. आधी मानमोडी, मग दिवसभर गाव पायी, संध्याकाळी शिवनेरी. आतापर्यंत तीन नावं आली आहेत, त्यातलं एक माझं. गाडीत दोन जागा आहेत.