दारूचा धंदा आणि बाईचा रोजगार

बाईने दारूच्या धंद्यात नोकरी करावी की नाही, यावर हेंद्रेपाड्यातल्या आमच्या गटाच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. निमित्त होते एका कार्यकर्तीच्या मुलीचे. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या या मुलीने मुंबईतल्या एका बारमध्ये बारटेंडर म्हणून लागायचे ठरवले आहे. नवऱ्याच्या दारूपायी ज्यांनी मार खाल्ला, पोरांच्या फीसाठी मंगळसूत्र गहाण टाकले, त्या बायांना हे पटणे कठीणच. "आम्ही बाटली आडवी करायला मते मागायची आणि आमच्याच पोरींनी ती ओतून द्यायची का?" असे एका ताईंनी विचारले. त्यांचा संताप मला समजतो. तरीही त्या मुलीला अडवू नये असे माझे मत आहे.

बाई या धंद्यात आज शिरते आहे असे मुळीच नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर मोहाची फुले वेचणे, वाळवणे, साठवणे हे बायकांचे काम आणि पुष्कळ घरांत गाळण्याचेही. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणे मक्तेदारांच्या हाती दिले आणि १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी थेट मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. अंगणातले फूल घरात साठवणे हा गुन्हा झाला! पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मुंबईत 'आंटीचे अड्डे' निघाले. हातभट्टीवर छापा पडला की बहुतेक वेळा सापडते ती बाई. भट्टीत पैसा घालणारा कधीच सापडत नाही. या बाईला पगार नाही, फंड नाही, फक्त कोर्टाच्या तारखा. कारखान्यात बाटल्या धुवायला, लेबले चिकटवायला कंत्राटी बाया चालतात, तेव्हाही कोणाची नीती आड येत नाही. वाद पेटतो तो बाई काउंटरमागे उभी राहून नेमणूकपत्र आणि बरा पगार मागते तेव्हा.

कायद्यानेही हेच केले. दिल्लीत लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याच्या कलम ३० प्रमाणे, जिथे लोक बसून दारू पितात तिथे बाईला कामावर ठेवायलाच बंदी होती. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले. बाईला काम नाकारणे म्हणजे तिचे संरक्षण नव्हे, कामाची जागा सुरक्षित करणे ही सरकारची जबाबदारी, असा त्या निकालाचा आशय आहे. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्सबारबंदी झाली तेव्हा मुंबईतल्या अनेक स्त्री-संघटना बारमधल्या बायांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, हे आपण विसरलो की काय? ती बंदी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. मधल्या आठ वर्षांत त्या बायांचे काय झाले याचा हिशेब कोणी दिला नाही.

शतभी बसू १९८१ पासून बारच्या मागे उभ्या आहेत. सोनल हॉलंड २०१६ मध्ये भारतातल्या पहिल्या 'मास्टर ऑफ वाइन' झाल्या. नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी मधापासून मद्य बनवण्याचा व्यवसाय उभा केला. यांचे कौतुक करावेच. पण शिक्षण, भांडवल आणि इंग्रजी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे दार उघडते, हेही खरे. महाराष्ट्रात वाइन शॉपचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून गोठवलेले. म्हणजे परवाना वारसाने मिळवायचा नाहीतर भरपूर पैसा मोजून विकत घ्यायचा. वारसा आणि पैसा आपल्याकडे कोणाच्या हाती असतो, हे वाचकांना सांगायला नको.

हेंद्रेपाड्यातल्या मुलीपुढे तर याहून साधी अडचण आहे. मुंबईत बार रात्री दीडला बंद होतो. तोवर बदलापूरकडची शेवटची लोकल निघून गेलेली असते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने काम देता येते, पण तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. ती गाडी कल्याणपर्यंतच सोडणार की दारापर्यंत, हे नोकरी धरण्याआधी लेखी घ्यायला हवे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती त्या हॉटेलात आहे का, तेही विचारायला हवे. गटाने तिच्याबरोबर जावे ते यासाठी.

दारूविरोधी लढ्याचे काय? १९९३ मध्ये गडचिरोलीत, २०१५ मध्ये चंद्रपुरात दारूबंदी झाली ती बायांच्या रेट्याने. चंद्रपूरची सरकारने २०२१ मध्ये उठवलीसुद्धा. आपले भांडण आहे ते घरातल्या मारहाणीशी आणि दारूच्या महसुलावर चालणाऱ्या सरकारशी. एका मुलीची नोकरी गेल्याने त्यातले काहीही कमी होत नाही. तिच्या जागी एक मुलगा लागतो, इतकेच.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष हवे. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांच्या साठवणुकीवरचे निर्बंध काढले आणि २०२२ मध्ये मोहाच्या, काजूच्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी'चा दर्जा द्यायचे ठरवले. बाटली चकचकीत होणार, किंमत वाढणार. पण परवाना कोणाला? मध्य प्रदेशात अलिराजपूरला आदिवासी बचतगटांना मोहाची दारू गाळून विकण्याचा अधिकार मिळाला आहे. आपल्याकडे फुले वेचणाऱ्या बाईला किलोमागे चार पैसे आणि गाळणाऱ्या बाईवर अजूनही गुन्हाच. बदलापूर-मुरबाड पट्ट्यातल्या पाड्यांवरच्या बचतगटांनी उत्पादन शुल्क खात्याकडे परवान्यासाठी अर्ज करावेत आणि ते फेटाळले तर कारण लेखी मागावे.