मासा कधी खातो, हेही दाव्यात लिहा



वनहक्काचे दावे भरायचं काम आपल्या वाड्यांवर जोरात चाललंय. पण भरलेले अर्ज जरा चाळून बघा. बहुतेकांत दळीचा तुकडा आणि घराखालची जागा, एवढंच. ओढा, डोह, तिवरं कुठंच नाहीत. विचारलं तर आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "आधी जमीन पदरात पडू दे, मासळीचं मग बघू." मला हे पटत नाही. का ते सांगतो.

कातकऱ्याच्या घरात दळीवरची नाचणी-वरी वर्षभर पुरत नाही. मजुरी नसली की कालवण होतं ते चिंबोरी, निवट्या, चिवणी, बोय यांचंच. आणि मासा काही दुकानातल्या मालासारखा एका जागी मांडलेला नसतो.

माशाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. पाणी जितकं गार-गरम, तितकंच त्याचं अंग. पौष-माघात गारठा पडला की त्याचं पोट मंदावतं, खाल्लेलं लवकर जिरत नाही, मग तो गळाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून जाणती माणसं थंडीत पहाटे न जाता उन्हं चढल्यावर गळ टाकतात. वैशाखात उलटं. पाणी तापलं की त्यात हवा कमी विरघळते. उथळातला मासा खोल सावलीत जाऊन पडून राहतो. आभाळ दिवसभर भरून राहिलं तर तळ्यातलं शेवाळ हवा सोडत नाही, आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात. खारपट्टीत जिताड्याच्या तळ्यावर राखणीला राहिलेल्या आपल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. अशा दिवशी टाकलेलं खाद्य तसंच कुजतं.

मृगाचा पाऊस आला की वलगण. मासा तेव्हा अंडी घालायला पाण्याच्या उलट चढतो. (तेव्हा सगळाच उपसू नका, पुढच्या वर्षी काय खाणार?) नंतर पाणी गढूळ झालं की गांडुळं वाहून येतात. मिशीवाले मासे वासावर खातात, ते गळाला लागतात. खाडीतला खारटपणा उतरला की खाऱ्या पाण्याचे मासे खाली समुद्राकडे सरकतात. बोय तर गळाला लागतच नाही म्हणा ना. उधाणाच्या भरतीला ती तिवरांच्या मुळांत शिरते, चिखलावरचं शेवाळ खाते. ती पागूनच धरावी लागते.

आता यात घोटाळा झालाय. अरबी समुद्राचं पाणी तापत चाललंय, असं शास्त्रज्ञ सांगतात. 11 नोव्हेंबर 2009 ला ऐन हिवाळ्याच्या तोंडावर फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. पाऊस वेळ सोडून पडतो. कुंडलिकेचं पाणी तर उन्हाळ्यात भिऱ्याच्या वीजघरातून किती सुटतं त्यावर चढतं-उतरतं. आजा सांगायचा त्या दिवशी त्या डोहात मासा मिळेलच, याची खात्री राहिली नाही.

मग माणूस काय करतो? जागा बदलतो. उथळात नाही तर खोलात, ओढ्यात नाही तर तिवरांत. म्हणजे आपल्याला एक डोह पुरत नाही, सगळी वाट मोकळी लागते. आणि नेमकी तीच बंद होतेय. कुठं कंपाऊंड, कुठं कारखान्याची भिंत, कुठं भराव. मासा सरकला तर आपल्यालाही सरकता आलं पाहिजे. त्याचा कागद आज आपल्याकडे नाही.

कायद्यात जागा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये पाण्यातल्या मासळीचा सामूहिक हक्क लिहिलाय. 2008 च्या नियमांत सामूहिक हक्काच्या पुराव्यांत मासेमारीच्या जागा मोजल्यात. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही पुराव्यात धरतात. 2005 साली उच्च न्यायालयानं सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर करायला सांगितली. तिवरं वाचली हे चांगलंच झालं. पण ती वन ठरली, तर त्यातली आपली वहिवाटही वनहक्कात मांडली पाहिजे. नाहीतर उद्या तिथंच आपण चोर ठरू. सगळी खाडी वनात मोडत नाही, तिथली लढाई वेगळी लढावी लागेल, हे खरं. पण म्हणून जे मिळू शकतं ते मागायचंच नाही का?

"मग बघू" म्हणत बसलो तर सांगणारी म्हातारी माणसं राहायची नाहीत. म्हणून वाडीवर रात्रीची बैठक लावा. म्हाताऱ्यांना बोलवा. बायांना आवर्जून बोलवा, चिखलात हात घालून निवट्या-चिंबोऱ्या त्याच काढतात. कुठल्या महिन्यात, कुठल्या डोहात, कुठल्या भरतीला, कोणता मासा, कशानं धरतो, हे एकेक विचारून लिहून घ्या. जागेचं नाव आपण घेतो तेच लिहा. ग्रामसभेत वाचून दाखवा आणि सामूहिक दाव्याला जोडा.

दळी आपली आहेच. डोहही आपलाच आहे. दोन्ही मागा.

– एक कार्यकर्ता